खुंटीवर राहिलेलं सोवळं

त्या हिवाळ्यात मला काय हवं असं कुणी विचारलं असतं, तर मी झोप म्हटलं असतं. दागिना नको, लुगडं नको, माहेरी देवासला चार दिवस जायलाही नको. नुसती झोप हवी होती, पाय लांब करून, कुणी हाक मारणार नाही अशी. पण सुनेला असं कुणी विचारत नसे, आणि विचारलं असतं तरी खरं उत्तर द्यायची पद्धत नव्हती.

यजमान मोतीझऱ्यानं पडले होते. भाद्रपदात अंग मोडून आलं, ते दसरा गेला, दिवाळी आली तरी बुखार उतरेना. आमच्या धारेतल्या मराठीत ताप हा शब्द पुस्तकातच राहिला होता. घरात यायचा तो बुखारच. घरात माणसं तीन: यजमान, मी आणि सासूबाई. यजमान दरबारच्या कचेरीत कारकून, आणि सासूबाईंचे एकुलते एक. सासरे जाऊन बरीच वर्षं झाली होती. दिवसा सासूबाई लेकाच्या उशाशी बसायच्या आणि मी चूल, पाणी, धुणं बघायची. रात्री त्यांना दमा उठायचा, म्हणून उशाशी मी. एकदा पोळी शेकता शेकता मला बसल्या जागी झोप लागली आणि हात तव्यावर गेला. सासूबाईंनी फोडावर तूप लावलं आणि पोळी करपल्याचं सांगितलं. पोळी खरंच करपली होती.

त्या दुष्ट होत्या असं मी म्हणणार नाही. त्या नियमाच्या होत्या. नियमाच्या माणसाबरोबर राहणं दुष्टाबरोबर राहण्याहून जास्त दमवतं, कारण त्याच्यावर धड रागावताही येत नाही.

एका संध्याकाळी यजमान बरळायला लागले. वैद्यांनी नाडी बघितली आणि काही न बोलता पायात जोडे घातले. तेव्हा सासूबाई देवघरात जाऊन बसल्या आणि मांडवच्या डोंगरावरच्या नीळकंठेश्वराला नवस बोलल्या. सासरे कधी काळी मांडवच्या बाजूला कामावर होते, तेव्हापासून त्यांची त्या देवावर श्रद्धा. लेक बरा झाला की तो आणि सून जोडीनं, स्वतःच्या हातांनी, तिथं अभिषेक करतील. त्या स्वतः तिथंच चूल मांडून नैवेद्य करतील. आणि तोवर त्या भात खाणार नाहीत.

भात सोडणं ही लहान गोष्ट नव्हती. सासूबाई कोकणातून लग्न होऊन माळव्यात आलेल्या. इथं गहू मुबलक, तांदूळ महाग, पण भातावाचून त्यांचं जेवण व्हायचं नाही. पोळीला त्या पाहुणी म्हणायच्या. आली तर बसवायची, नाही आली तर वाट बघायची नाही. त्या दिवसापासून त्या नुसती पाहुणी खाऊ लागल्या. चावताना कुठंतरी खिडकीबाहेर बघत असत.

कार्तिकात बुखार उतरला. मार्गशीर्षात यजमान काठी टेकत अंगणात येऊ लागले. हातापायांच्या काड्या झाल्या होत्या, आणि गळ्याखाली एवढा खळगा पडला होता की त्यात वाटीभर पाणी राहिलं असतं. वैद्यांनी बजावलं होतं की संक्रांत होईपर्यंत थंडीला जपा. मोतीझरा गेल्यावर छातीत सर्दी उतरली तर ती मोतीझऱ्याहून वाईट. सासूबाईंनी हे ऐकलं, वैद्यांना गूळपाणी दिलं, आणि ते गेल्यावर मार्गशीर्षातला सोमवार ठरवून टाकला. देवानं त्याचं काम केलं, आता आपण त्याला ताटकळत ठेवायचं नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यांना भीती वाटत होती. नवस राहिला तर देव दिलेलं परत घेईल ही त्यांची भीती, आणि थंडी बाधली तर माणूस हातचा जाईल ही माझी. माणूस दोघींचा एकच.

आता सोवळ्याचं सांगायला हवं, कारण हल्लीच्या मुलींना ते माहीत नसतं. पूजेला आणि नैवेद्याच्या स्वयंपाकाला नेसायचं वस्त्र वेगळं. ते रेशमाचं किंवा लोकरीचं. नाही तर धुतलेलं आणि कुणाचा हात न लागता वाळलेलं सुती. आंघोळ केलेल्या माणसानंच त्याला शिवायचं, आणि त्यानं मध्ये दुसऱ्या कशाला शिवायचं नाही. शिवलं की तो ओवळा झाला. मग पुन्हा आंघोळ. घरात हे कपडे उंच दांडीवर असायचे आणि काठीनं खाली काढायचे. सासूबाईंनी यजमानांचा रेशमी मुकटा, माझं रेशमी लुगडं आणि घरातल्या तिन्ही धाबळ्या, म्हणजे सोवळ्याची लोकरीची जाड वस्त्रं, असं सगळं एका गाठोड्यात बांधलं. यजमानांची शालही त्यातच घातली. पूजेला तेच आणि पूजा झाल्यावर पांघरायलाही तेच, म्हणजे ओझं कमी. हा विचार शहाणपणाचाच होता.

रविवारी पहाटे छकडा जोडून आम्ही धारेहून निघालो. दोन्ही बाजूंना गहू होता, मधेमधे अफूची वीतभर रोपं. यजमान गवताच्या गादीवर गोधडीत पडून होते आणि सारखे मान उचलून बघत होते. इतके दिवस त्यांनी आढ्याशिवाय काही बघितलं नव्हतं. मी छकड्याच्या दांडीला डोकं टेकलं होतं आणि प्रत्येक खड्ड्याला ते आपटत होतं, तरी मी ते काढलं नाही. संध्याकाळी नालछ्याला पोचलो आणि ओळखीच्या एका घरी उतरलो. गाठोडं सासूबाईंनी मागच्या पडवीत खुंटीला, कुणाचा धक्का लागणार नाही असं उंच टांगलं.

सोमवारी सकाळी जे झालं ते आमच्याच घरात होऊ शकतं. सासूबाई आंघोळ करून, काठी हातात घेऊन गाठोडं काढायला निघाल्या. वाटेत घरचा कुत्रा शेपटी हलवत आला आणि त्यांच्या पायाला अंग घासून गेला. झाल्या ओवळ्या. त्या थंडीत पुन्हा आंघोळ करायची तर दमा उठला असता. त्यांनी बघितलं की सून नुकतीच आंघोळ करून आली आहे, तेव्हा ती घेईलच. आणि त्या छकड्यात जाऊन बसल्या. मी बघितलं होतं की सासूबाई काठी घेऊन पडवीकडे गेल्या, तेव्हा त्यांनी घेतलंच असणार. आणि मी यजमानांच्या पायात जोडे चढवायला बसले, कारण त्यांना वाकवत नव्हतं. जोडे चामड्याचे, म्हणजे मीही ओवळी. वाटेत कुणी विचारलं नाही, कारण सोवळ्याचं गाठोडं कुठं आहे हे बघायची आम्हाला सवयच नव्हती. त्यापासून लांब राहायचं, एवढीच सवय. ज्याला कुणी हात लावायचा नाही, ते मागं राहिलं तर त्यात नवल कसलं.

मांडवच्या अलीकडे मोठी खोल दरी आहे. तिथपर्यंत छकडा गेला. पुढचा उतार आणि चढ भरल्या छकड्यानं नको, म्हणून गाडीवान बैल सोडून तिथंच थांबला आणि आम्ही पायी निघालो. सासूबाई पुढं, मधे यजमान काठी टेकत, मागं मी, डोक्यावर नैवेद्याच्या सिध्याची टोपली. दहिवरानं गवत पांढरं पडलं होतं आणि लुगड्याचा काठ भिजून घोट्याला चिकटत होता. मी देवासची टेकरी चढत वाढलेली. लहानपणी देवीच्या पायऱ्या पळत चढायची. खाली गावात दोन राजे, एक थोरल्या पातीचा नि एक धाकट्या पातीचा, आणि वरून बघितलं की कुणाची हद्द कुठली ते कळायचं नाही, याची आम्हाला मजा वाटायची. तेव्हा डोंगराचं मला काही नाही असं मी समजत होते. पण चढायला पाय लागतात आणि माझे पाय त्या चार महिन्यांत कुठंतरी घरातच झिजले होते.

एकामागून एक दरवाजे लागले, पडके, त्यांच्यातून झाडं उगवलेली. वर सीताफळीचं रान आणि त्यात जुन्या इमारतींचे घुमट. गोरखचिंचेची ती जाड बुंध्याची झाडं मी पहिल्यांदा पाहिली. पानं गळालेली, आकाशाकडे बोटं करून उभी. यजमान दर थोड्या अंतरावर थांबायचे. दम लागायचा म्हणून थांबायचे, पण थांबले की बघायचे. वडीलधाऱ्यांसमोर नवराबायकोनं एकमेकांशी बोलायचं नाही अशी रीत, त्यामुळे ते आईशी बोलायचे. "आई, तो घुमट बघ कसा उन्हात आलाय." सासूबाई हूं म्हणून पुढं चालायच्या. त्यांना घुमटाशी काही कर्तव्य नव्हतं. ते माझ्यासाठी होतं हे मला कळत होतं, आणि खरं सांगायचं तर मला त्या क्षणी त्यांचा राग आला. डोक्यावर टोपली असलेल्या माणसाला वर बघता येत नाही, हे त्यांच्या ध्यानात यायला हवं होतं.

नीळकंठेश्वराचं देऊळ देवळासारखं दिसत नाही. लाल दगडाचा बादशाही थाटाचा महाल, आणि त्यात महादेव येऊन राहिलेला. डोंगराच्या कडेवरून पायऱ्या उतरून खाली जावं लागतं. वरून पाण्याची धार येते, ती पिंडीपाशी येऊन पुढं कुंडात जाते. समोर दरी. देऊळ डोंगराच्या पोटात, तोंड मावळतीला, त्यामुळे सकाळचं ऊन तिथं पोचतच नाही. आम्ही पोचलो तेव्हा दगड बर्फासारखे गार होते आणि दरीतून वारा सरळ अंगावर येत होता. तिथं एक बैरागी होता, धुनीपाशी बसलेला.

सासूबाईंनी चुलीसाठी तीन दगड शोधले आणि मग माझ्याकडे वळून, गाठोडं कुठं ठेवलंस, असं विचारलं. मी त्यांच्या खांद्याकडे बघितलं. त्यांनी माझ्या हातांकडे बघितलं. दोघींना एकदमच समजलं, आणि दोघींपैकी एकीलाही दुसरीवर ओरडता येईना. नालछ्याला माणूस पाठवून आणायचं तर जाऊन येऊन दिवस मावळला असता, आणि तिथं संध्याकाळनंतर वाघाचं भय. शिवाय पाठवायचं कुणाला, आणि त्यानं ते आणायचं कसं, न शिवता? धुतलेलं धोतर वाळवून चाललं असतं, पण ऊन यायचं दुपार कलल्यावर, आणि तेव्हा आम्हाला परत निघायला हवं होतं. बैराग्यानं सांगितलं की, माताजी, मी करून देतो अभिषेक, देवाला काय. सासूबाईंनी मान हलवली. नवस जोडीनं स्वतःच्या हातांनी करायचा होता.

मग एकच वाट उरते, आणि ती आमच्यात सगळ्यांना ठाऊक असते. ओलेतं. सोवळं नसेल तर कुंडात बुडी मारायची आणि अंगावरच्या ओल्या वस्त्रानंच पूजा करायची, ती संपेपर्यंत. ओलं वस्त्र केव्हाही शुद्ध.

मी धीर करून म्हटलं, चैत्रात येऊ या का? देव काही कुठं जात नाही.

"नवस आपल्या सोयीनं फेडायचा नसतो," सासूबाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. त्या कुंडाकडे बघत होत्या.

यजमानांनी गळपट्टा काढला, मग डगला काढला, मग बंडीचे बंद सोडायला लागले. बोटांना बंद सुटत नव्हते. बंडी निघाली तेव्हा त्यांच्या फासळ्या मला पायरीवरून मोजता आल्या असत्या. अंगावर काटा आला होता, ओठ जांभळे पडत होते. त्यांनी काठावर बसून कुंडात हात घातला आणि झटकन बाहेर काढला, आणि मग लाज वाटल्यासारखा पुन्हा घातला. सासूबाई खांबाला धरून उभ्या होत्या. तोंडानं शिवाचं नाव चाललं होतं, पण डोळे लेकाच्या छातीवर होते. मला एवढंच दिसत होतं की या माणसाला मी चार महिने रात्रीमागून रात्री जागून परत आणलंय, आणि आता घटकाभरात तो पुन्हा जाणार. इकडे आड, तिकडे विहीर म्हणतात. इथं तर दोन्ही एकच होतं, आणि त्यात बर्फाचं पाणी.

मी टोपली खाली ठेवली आणि दोन पावलं मागं सरले.

"सासूबाई, मी बाहेरची झाले," मी म्हटलं.

म्हणजे मला विटाळ आला. हे खोटं होतं. त्याला अजून बरेच दिवस होते. पण बाई एकदा बाहेरची झाली की ती पूजेला बसू शकत नाही, तिनं आणलेला सिधा चालत नाही, आणि जोडीचा नवस एकट्यानं फिटत नाही. आमच्याच शास्त्राचं कुलूप, आमच्याच शास्त्राची किल्ली. ती त्या वेळी मला कशी सुचली ते देव जाणे. देवाच्या दारातच सुचली, म्हणून म्हणते. पापाचं भय वाटलं का? वाटलं. पण भयालाही थोडी ताकद लागते, आणि मी फार थकले होते.

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. खूप वेळ बघितलं असं मला वाटलं. "आत्ता?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. तशी त्या यजमानांकडे वळल्या आणि म्हणाल्या, "घाल ते अंगात. जोडीशिवाय व्हायचं नाही." यजमान बंडी शोधत होते तर त्यांनी ती स्वतःच उचलून त्यांच्या अंगावर टाकली, वर डगला टाकला, आणि गळपट्टा दोनदा गुंडाळला. मला त्या लांब हो म्हणाल्या, कशाला शिवू नकोस. सिधा बैराग्याला देऊन टाकला. तांदळाचं गाठोडं बैराग्यानं उचललं तेव्हा सासूबाईंची नजर त्याच्या हाताबरोबर पायऱ्यांवरच्या त्याच्या झोपडीपर्यंत गेली. मग त्यांनी पिंडीला हात जोडले, काहीतरी पुटपुटल्या, आणि दमले-भागलेले ते दोघं बैराग्याच्या धुनीपाशी शेकत बसले.

मी पायऱ्या चढून वर आले आणि कडेवरच्या एका दगडावर बसले. तिथं मला कुणी हाक मारणार नव्हतं. हाक मारून उपयोगच नव्हता. मी घागरीला, ताटाला, माणसाला शिवू शकत नव्हते. खाली दरी होती, दरीच्या पलीकडे डोंगराची एक ओळ, तिच्या मागं आणखी एक फिकट, तिच्या मागं आणखी फिकट. मध्ये निमाडचं मैदान धुक्यात बुडालेलं. त्यातून नर्मदा दिसते असं लोक सांगतात. मला ती दिसली नाही, आणि मी शोधलीही नाही. घारी माझ्या पायांच्या खाली घिरट्या घालत होत्या. घारीची पाठ मी जन्मात पहिल्यांदा बघितली. कुठल्यातरी भिल्लाच्या टापरीतून, म्हणजे झोपडीतून, धूर सरळ वर येत होता. मला थंडी वाजत होती, दात वाजत होते, आणि तरी मी इतकी सुखात कित्येक महिन्यांत नव्हते. मग मला रडू आलं. कशाचं ते तेव्हाही कळलं नाही. डोंगर फार सुंदर होते, आणि मी त्यांच्यासाठी काही करायची गरज नव्हती.

परतताना मी दहा हात मागून चालले. यजमान एकदा थांबले आणि आईला म्हणाले की तिला फार गारठा लागला असेल. सासूबाई म्हणाल्या, चाल. दरीपाशी गाडीवानानं माझी अवस्था बघितली, प्रकार ओळखला आणि आपल्या खांद्यावरची घोंगडी दुरून जमिनीवर ठेवली. "ओढी लो बई, म्हारे तो आदत हे," म्हणाला, म्हणजे पांघरून घ्या, मला सवय आहे. मी ओवळीच होते, मला आता कुणाचंही पांघरूण चालत होतं. परतीच्या वाटेत आमच्यात पहिली उबेत आले ती मीच. छकड्यात मला बसू द्यावं की नाही हा प्रश्न होता. विटाळशीनं बरोबर बसायचं नाही, एवढं तर कुणालाही ठाऊक. सासूबाई थोड्या घुटमळल्या आणि म्हणाल्या की लाकडाला विटाळ नसतो, मागच्या फळीवर बस. हे त्यांच्या तोंडून मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं, आणि नंतरही कधी ऐकलं नाही.

नालछ्याला पडवीत गाठोडं होतं तसंच टांगलेलं होतं. त्या घरच्यांनीही त्याला हात लावला नव्हता.

धारेला आल्यावर मी रीतीप्रमाणे मागच्या खोलीत बाजूला बसले. पांघरायला गोधडी, प्यायला वेगळा तांब्या, जेवण दारातून सरकवलेलं. मी झोपले. दिवसा झोपले, रात्री झोपले, जेवताना पेंगले आणि हात न पुसता पुन्हा आडवी झाले. चूल सासूबाईंनी सांभाळली. भिंतीपलीकडून भांड्यांचा आवाज यायचा, दम्याची उबळ यायची, आणि मला उठावंसं वाटायचं. पण उठून करणार काय, मला मनाई होती. चौथ्या दिवशी न्हाऊन घरात आले तेव्हा यजमान ओसरीत उन्हात बसले होते आणि सर्दीचा मागमूस नव्हता. त्यांना त्या खोट्याचा शेवटपर्यंत पत्ता लागला नाही. पुरुष असले दिवस मोजत नाहीत.

बायका मोजतात. हे मला आठवलं ते दोन आठवडेही झाले नसतील, एका सकाळी, जेव्हा मी खरोखरीच बाहेरची झाले. आता सांगावं तर डोंगरावरचं खोटं उघडं पडणार. लपवावं तर देवघरात आणि स्वयंपाकघरात त्याच हातांनी वावरायचं. मागच्या दारात मी उभी राहिले आणि पाय पुढं जाईना. सासूबाई चुलीपाशी होत्या. त्यांनी वळून बघितलं, माझ्या तोंडाकडे, मग माझ्या पायांकडे. "बस बाहेर. मी बघते इकडचं," एवढंच म्हणाल्या आणि फुंकणी उचलली. शेजारच्या काकू आल्या, त्यांना सुनेचं हे लगेच पुन्हा कसं असा प्रश्न पडला. थंडी बाधली की होतं मागंपुढं, असं सासूबाईंनी त्यांना सांगितलेलं मी भिंतीआडून ऐकलं. डब्यातल्या गुळाचे खडे मोजून ठेवणारी बाई इतक्या सहज फसली, याचं मला नवल वाटलं. सुटले बाई, असं मी मनाशी म्हटलं.

तो सगळा हिवाळा त्या पोळी खात राहिल्या. संक्रांतीला खिचडी झाली, ती त्यांनी आम्हाला वाढली. रंगपंचमीला केशरी भात झाला, त्याचा नुसता वास घेतला आणि बरा जमलाय म्हणाल्या. चार शब्दांचं खोटं मी बोलले आणि उपास त्यांना घडला. सांगून टाकावं असं कितीदा ओठांवर आलं, पण सांगून त्यांचा भात परत मिळणार नव्हता, उलट नवसाची भीती मात्र वाढली असती. म्हणून गप्प बसले.

चैत्रात आम्ही पुन्हा मांडवला गेलो. या वेळी गाठोडं त्यांनी छकड्याच्या पुढच्या दांडीला, सगळ्यांच्या नजरेसमोर बांधलं होतं. रान वाळलेलं, हवा गढूळ, डोंगरांची ती मागची ओळ दिसतच नव्हती. यजमान भराभर पायऱ्या उतरले, कुंडात बुडी मारून वर आले आणि हसले. मग कोरडा मुकटा नेसून त्यांनी अभिषेक केला, मी त्यांच्या हाताला हात लावून बसले. सासूबाईंनी तीन दगडांवर भात शिजवला, नैवेद्य दाखवला, आणि दुपारी पळसाच्या पानावर वाढून घेतला. यजमान बैराग्याला वाढायला वर गेले होते. आम्ही दोघीच होतो.

त्यांनी पहिला घास घेतला आणि डोळे मिटून बराच वेळ चघळला. मग पानातला भात बोटांनी सारखा करत, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "त्या दिवशी मी थांब म्हटलं असतं तर नवस मोडला असता. तू म्हटलंस म्हणून नुसता पुढं गेला. माझे डोळे कुंडावर होते, आणि मी वाट बघत होते की तुला काहीतरी सुचावं."

त्यांनी भाताची मूद उचलून माझ्या पानात वाढली आणि म्हणाल्या, खा, निवतोय.